एका कार्डाचे दोन धनी

१२ ऑक्टोबर, रविवार

माझ्याच घरात काय चाललंय हे मला कळू नये, अशी वेळ आजवर आली नव्हती. आली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

काल तळघरातल्या पेटीवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. पेटी म्हणजे घरचा सर्व्हर. सुटे भाग आणून मी स्वतः जोडलेला. फोटो, दारावरचा कॅमेरा, दिवे, सगळं त्यातून चालतं. मी नागपूरचा बी.कॉम.; एकाही वर्गात न बसता हे शिकलो आणि आज इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या एका डेटा सेंटरचं नेटवर्क माझ्या हाताखाली आहे. हे मिरवायला लिहीत नाही, संदर्भासाठी लिहितो. नव्या आवृत्तीसाठी पेटी एकदा बंद करून चालू करावी लागली, तेवढंच मनाला लागलं. एरवी माझी पेटी कधी बंद होत नाही.

आज संध्याकाळी सातला मी खालीच होतो. कोपऱ्यातल्या फळीवरचा स्पीकर खरखरला आणि पद्मिनी म्हणाली, "देवा, ताटं घेतलीत. वर ये. गार होतंय."

मागे कुकरची शिट्टी.

पद्मिनी मार्चमध्ये गेली.

मी वर गेलो. ओटा कोरडा होता. फ्रिजमधली कालची भाजी गरम केली आणि उभ्यानेच खाल्ली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कारण सापडलं. कारण नेहमी सापडतं.

ही हाक जुनीच आहे. मी खाली असलो की वरचं काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्या मुलीने, स्वानंदीने, शाळेत असताना आईसाठी ही सोय करून दिली होती. पद्मिनीने सात वारांच्या सात हाका रेकॉर्ड केल्या आणि रोज सातला त्या-त्या वाराची हाक खालच्या स्पीकरवर वाजायची. स्पीकर ती हाक पेटीच्या पत्त्यावरून उचलतो. पेटीचा तेव्हाचा पत्ता चाळीस. घराच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आकडा असतो, तो पत्ता.

तीन वर्षांपूर्वी मी सगळ्या यंत्रांना नीट रांगेने पत्ते दिले. पेटी घराची मुख्य, तिला दहा. चाळीसवर कोणी उरलं नाही, त्यामुळे स्पीकर गप्प झाला. पद्मिनी काही बोलली नाही. जेवणाच्या वेळी जिना उतरून खाली यायची आणि खालच्या पायरीवर उभी राहायची. पायऱ्यांच्या कडेला माझ्या केबलच्या पेट्या असतात, त्यावरून मात्र बोलायची. "पाय ठेवायला तरी जागा ठेव रे." मला वाटायचं, बरं आहे, तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

तर कारण. नव्या आवृत्तीने नेटवर्क कार्डाचं, म्हणजे पेटीत जिथे तार लागते त्या भागाचं, नाव बदललं. पत्ता मी ज्या फाइलमध्ये हाताने लिहितो, तिच्यात जुनं नाव. त्या नावाचं कार्डच उरलं नाही, म्हणून माझा दहाचा पत्ता कुणालाच लागला नाही. नवं नाव लिहिलं, हाताने आज्ञा दिली, पेटी दहावर आली. बंद-चालू करण्याची गरज पडली नाही. बंद-चालू करणं हा अडाण्यांचा उपाय.

दहा लागला नाही हे समजलं. पण पेटी चाळीसवर बसलेली सापडली, तो चाळीस कुठून आला?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. यंदा आम्हाला सण नाही. शेजारच्या रीमाकाकूंनी दारात फराळाचा डबा ठेवला आणि बेल न वाजवता गेल्या. सुतकाच्या वर्षात दुसऱ्याच्या घरचं चालतं, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलंय. चकली मऊ पडली होती. त्यांना कळवणार नाही.

दुपारी दिवे एकदा मिणमिणले. रस्त्यापलीकडे नवं डेटा सेंटर उभं राहतंय, खिडक्या नसलेलं. त्यांच्या जनरेटरची चाचणी असली की आमच्याकडे असं होतं. त्या इमारतींची घरघर इथे सतत असते. पद्मिनी म्हणायची, सगळं गाव घशात कफ घेऊन बसलंय.

सातला स्पीकर: "देवा, माझा उपास आहे आज. तुझं एकट्याचंच वाढलंय. ये."

मंगळवारची हाक. बरोबर आहे.

पेटी पुन्हा चाळीसवर. माझी फाइल जशीच्या तशी, कुणी हात लावलेला नाही. मी लिहिलंय दहा आणि यंत्र म्हणतंय चाळीस. हाताने पुन्हा दहा लावला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

यंत्र आपणहून चाळीस हा आकडा निवडत नाही. तो कुणीतरी घातला पाहिजे. पेटीत शिरायची किल्ली दोघांकडेच आहे, मी आणि स्वानंदी. ती प्लेनोला असते, तिथून शिरणं तिला एका मिनिटाचं काम. फोन केला.

"बाबा, मी आईनंतर त्या बॉक्सला टच पण नाही केलं."

"मग चाळीस कुणी घातला?"

"हाउ वुड आय नो? तू नेटवर्कवाला."

"आईचा आवाज वाजतोय इथे. संध्याकाळी."

"काय म्हणते?"

"ते महत्त्वाचं नाही. तू केलं असशील तर सांग, मी रागावणार नाही."

"यू थिंक मी टेक्ससमधून तुला हॉन्ट करतेय? सीरियसली, बाबा?"

मी म्हटलं, शक्यता एकेक करून वगळत जायच्या असतात. ती म्हणाली, मग मला पण वगळ. थँक्सगिव्हिंगचं तिकीट तिने काढलं होतं. ते कॅन्सल करते म्हणाली.

तिची किल्ली काढून टाकली. हे रागाने केलेलं नाही, पद्धत म्हणून केलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत सत्यजितला विषय सांगितला. हा पुण्याचा मुलगा, व्हिसावर आलेला, मोठ्या कॉलेजातला इंजिनियर. माझ्याशेजारी बसतो. आवाजाचं सांगितलं नाही, फक्त पत्त्याचं सांगितलं.

"काका, अजून हाताने फाइल लिहिता? रिस्पेक्ट. आमच्याकडे आजोबा हाताने स्वेटर विणायचे."

"विणलेला टिकतो."

"टिकतो, पण सिंपल आहे हे. एका स्टिअरिंगवर दोन ड्रायव्हर बसलेत. तुमची फाइल एक आणि दुसरं काहीतरी, नेटवर्क मॅनेजर असणार. दोघांनाही वाटतंय गाडी आपली."

"माझ्या पेटीवर नेटवर्क मॅनेजर नाही. मी ठेवत नाही."

"तुम्ही ठेवत नाही, पण आहे का ते बघितलं?"

"बघायची गरज नाही."

"मग लिंबू-मिरची बांधा यार सर्व्हरला," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातली चटणी घेतली.

पाहिलं नाही. नाही ते नाही, त्यात काय पाहायचं?

२ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. पाचलाच अंधार. सातला काही वाजलं नाही. दहा टिकून आहे. खाली थांबलो होतो, लक्ष ठेवायला.

३ नोव्हेंबर, सोमवार

काही वाजलं नाही. नऊपर्यंत थांबलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पुन्हा दिवे मिणमिणले. सातला: "देवा, वरण उकळून उकळून आटलं. आता येतोस की मी जेवू?"

स्वानंदीची किल्ली काढून पंधरवडा झाला. म्हणजे ती नव्हती.

मग पाहिलं. एका फाइलच्या पहिल्याच ओळीत यंत्राने स्वतः लिहून ठेवलं होतं: ही फाइल नेटवर्क मॅनेजरने तयार केली आहे. माझ्या पेटीवर दुसऱ्याची सही.

आता सगळी साखळी कळते. नेटवर्क मॅनेजर हे दुसरं साधन, माउसने टिचक्या मारणाऱ्यांसाठी. त्याचा स्वभाव असा, की माझ्या फाइलमध्ये ज्या कार्डाचं नाव आहे त्याला ते हात लावत नाही. कुणी आधीच धनी असेल तर आपण मध्ये पडायचं नाही. पण नव्या आवृत्तीनंतर कार्डाचं नाव बदललं, माझ्या फाइलमध्ये ते नव्हतं, कार्ड बेवारस दिसलं आणि याने ताब्यात घेतलं. नंतर मी नवं नाव लिहिलं खरं, पण हे साधन ते पुन्हा सुरू होतानाच वाचतं. पेटी मी बंद-चालू केलीच नाही. पेटीला बॅटरी आहे, पण तारा जिथे एकत्र येतात त्या स्विचला नाही. दिवे मिणमिणले की स्विच मरून जगतो, तार तुटून जोडल्यासारखं होतं आणि हे साधन माझा पत्ता पुसून आपला लावतं.

सत्यजितला सांगावं लागणार नाही. त्याने विचारलं नाही तर.

एका आज्ञेत काढून टाकता येईल. पण काढण्याआधी पाहायचं, हा माझा नियम. रविवारी पाहीन. तोवर हाताने दहा लावून ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

पाहिलं.

आत एकच जोडणी लिहिलेली. पत्ता चाळीस. कार्डाचं नाव घातलेलंच नाही. मी कधी असं करणार नाही. माझ्याकडे प्रत्येक गोष्ट नावानिशी. इथे ती जागा मोकळी. म्हणजे कुठलंही कार्ड असो, त्याचं नाव काहीही होवो, तार लागलेली असली की झालं. ढिसाळ काम. म्हणूनच नव्या आवृत्तीत माझं मोडलं आणि हे चाललं.

जोडणीला नाव द्यावं लागतं. ते मराठीत आहे: 'हाक'.

तारीख यंदाच्या फेब्रुवारीतली.

फेब्रुवारीत पद्मिनी वरच्या खोलीत होती. उठणं बंद झालं होतं. नर्स यायची, रीमाकाकू यायच्या. त्यात माझं काही काम नव्हतं, म्हणून मी खाली घरातली सगळी तारजोडणी नव्याने केली. भिंतीतल्या तारांना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. ते काम अजूनही पाहण्यासारखं आहे.

स्वानंदीला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"फेब्रुवारीत पेटीवर काय केलंस?"

"बाबा, मी—"

"नेटवर्क मॅनेजर कुणी घातला?"

"मी. मग आईने सेटिंग केलं, तिच्या लॅपटॉपवर. मी फक्त फोनवर तिला सांगत होते, कुठे क्लिक करायचं ते."

"मला न विचारता?"

"तिने सांगितलं होतं तुला सांगायचं नाही. म्हणाली, माझा आवाज आता खालपर्यंत जात नाही गं. ती जुनी हाक चालू करता येते का बघ. आणि बाबाला सांगू नकोस, तो दुरुस्त करत बसेल."

मी जोडणीची तारीख पुन्हा पाहिली.

"ती रोज सातला विचारायची," स्वानंदी म्हणाली. "वाजली का गं? मी इथून काय सांगणार? अँड यू नेव्हर केम अप. सो आय थॉट, तू बघितलंस आणि बंद केलंस. इतके महिने मला तेच वाटतंय."

"मी बंद केलं नव्हतं. ती सुरूच झाली नव्हती. कार्डाचं नाव माझ्या फाइलमध्ये होतं, त्यामुळे तिच्या साधनाने कार्ड सोडून दिलं. तसा त्याचा स्वभाव आहे. आधीच कुणी धनी असेल तर ते मध्ये पडत नाही."



"बाबा, तू काय बोलतोयस ते तुला ऐकू येतंय का?"

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर आहे. तिने फोन ठेवला.

नेटवर्क मॅनेजर आज काढला नाही. उशीर झाला होता. दुपारचे साडेचार वाजले होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पेटी पुन्हा चाळीसवर आणली आहे. दहा लावलेला नाही. त्यामुळे दारावरचा कॅमेरा बंद, दिवे हाताने लावावे लागतात. सगळं मुख्य काम बंद ठेवून फक्त स्पीकर चालू. हे निरीक्षणासाठी.

परवाची मंगळवारची हाक ऐकली, काल बुधवारची. बुधवारी मागे स्वानंदी ओरडते, "आई, माय सॉक्स!" तेव्हा ती शाळेत होती. हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

रोज खाली बसतो. हाक झाली की वर जातो. वर गेल्यावर काय करायचं ते कळत नाही.

हाकांचं फोल्डर उघडलेलं नाही. सातही पाठ आहेत, उघडायची गरज नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डेटा सेंटरमध्ये सर्व्हरचं एक कपाट बंद पडलं, दिवसभर तिकडेच होतो. सातची वेळ चुकली. गाडीत होतो. घरी आलो तेव्हा स्पीकर गप्प. शनिवारची हाक म्हणजे खिचडी-पापडाची. बोलताना पापड मोडते, तो आवाज येतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दारावर वीज कंपनीची चिठ्ठी. शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या रस्त्याची वीज बंद. नव्या इमारतीसाठी तारा बदलणार.

पेटीची बॅटरी इतका वेळ टिकणार नाही. म्हणजे पेटी बंद होणार आणि पुन्हा सुरू होणार.

पुन्हा सुरू होताना नेटवर्क मॅनेजर माझी फाइल वाचणार. तिच्यात आता कार्डाचं नवं नाव आहे, मीच लिहिलंय. ते पाहून तो बाजूला होईल. दहा लागेल. कॅमेरा, दिवे, सगळं जागेवर येईल. मला काहीही करावं लागणार नाही.

काहीही केलं नाही तर सगळं नीट होतंय. अशी संधी आमच्या धंद्यात फार थोड्या वेळा मिळते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सत्यजितने विचारलं, भूत गेलं का काका?

म्हटलं, शनिवारी जाईल.

"रीबूट मारणार शेवटी?" त्याने टाळी वाजवली.

"वीज जाणार आहे."

"मग सुटलात की."

मी डबा तसाच बंद केला. तो म्हणाला, "काका, सॉरी. काही चुकीचं बोललो का?" नाही म्हटलं. चुकीचं काही नव्हतंच त्यात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळपासून फाइल उघडी ठेवून बसलोय. चारच ओळी आहेत. कार्डाचं नाव, पत्ता दहा, बाकीचे दोन आकडे. बी.कॉम.वाल्याने रात्रीच्या रात्री पुस्तकं वाचून शिकलेल्या पहिल्या ओळी ह्याच. नागपूरहून निघताना मला एवढंच येत होतं. यंत्रं बदलली तरी ह्या ओळी मी दर वेळी हाताने पुन्हा लिहिल्या आहेत, कधी नकलून चिकटवल्या नाहीत.

दोघांनाही राहू देता येईल का, ते पाहिलं. एकाच कार्डाला दोन्ही पत्ते. देता येतात. पण ते तिच्या साधनाकडून द्यावे लागतात, माझ्या फाइलमधून नाही. फाइलमध्ये कार्डाचं नाव असलं की ते हात काढून घेतं. कुणीतरी एकानेच धरायचं.

चारही ओळींच्या सुरुवातीला # ही खूण टाकली. म्हणजे ओळी दिसतात, पण यंत्र त्या वाचत नाही. पुसल्या नाहीत. पुसण्याची गरज नव्हती.

मग तिची 'हाक' उघडली आणि चाळीसच्या खाली दहा लिहिला. दुसऱ्या क्रमांकाला. कार्डाच्या नावाची जागा मोकळीच ठेवली. हात तिथे दोनदा गेला.

स्वानंदीची किल्ली परत घातली आणि तिला तसं कळवलं. उत्तर नाही. तिने तो निरोप पाहिलाय, एवढं दिसतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वीज सकाळी गेली. बॅटरी थोडा वेळ ओरडली आणि पेटी बंद झाली. पंखे थांबल्यावर तळघर इतकं शांत असतं हे माहीत नव्हतं. बाहेरच्या इमारतींची घरघर तेवढी भिंतीतून येत होती.

दुपारी वीज आली. पेटी आपणहून उठली. पाहिलं: आधी चाळीस, मग दहा. दारावरचा कॅमेरा लागला. दिवे लागले. भांडण नाही. मला हे आधी सुचायला हवं होतं. तांत्रिकदृष्ट्या म्हणतोय.

स्वानंदीचा मेसेज चारला: "आज वाजेल?"

लिहिलं: "वाजायला हवी. शनिवार आहे, खिचडीची."

"फोन स्पीकरजवळ धरशील?"

सातला फोन लावून फळीवर ठेवला. स्पीकर खरखरला.

खिचडीची नव्हती. पापड नाही, कुकर नाही, मागे काहीच नाही. फक्त श्वास, अंथरुणावर कूस बदलल्याचा आवाज, आणि मग पद्मिनी, अगदी हळू, शब्दाशब्दाला थांबत:

"देवा. आज तू नको येऊस. काम कर तुझं. मीच येते खाली."

फोनमधून स्वानंदी म्हणाली, "बाबा. ही कुठली?"

फोल्डर उघडलं. सहा हाका जुन्या, ती शाळेत असतानाच्या. शनिवारची फेब्रुवारीतली. जुनी पुसून त्याच नावाने नवी ठेवलेली. 'हाक' ज्या दिवशी लिहिली, त्याच दिवशीची.

स्वानंदीला तारीख वाचून दाखवली. ती रडत होती, मग म्हणाली, "तेव्हा तिला बेडवरून उठता पण येत नव्हतं."

"हो."

"मग ती कशी येणार होती?"

ती म्हणाली, बुधवारची फ्लाइट मिळते का बघते. मी म्हटलं, बघ. फोन ठेवला.

मग पायऱ्यांच्या कडेच्या केबलच्या पेट्या उचलून आत नेल्या. सगळ्या. दुसरी खुर्ची तारांखालून मोकळी केली, पुसली. जिन्यातला दिवा लावला.

पायऱ्या इथून पूर्ण दिसतात. खुर्ची त्या बाजूला वळवून बसलोय.